ओढा ओलांडला की बंद पडणारी एंड्युरो: आधी घड्याळ बघा, मग पाना उचला

दुखणं असं असतं. उन्हाळाभर गाडी हूं की चूं करत नाही. जूनमध्ये पहिला ओढा ओलांडला की ती फटफटायला लागते, गचके देते आणि बंद पडते. दहा-वीस मिनिटं तशीच उभी केली की काही झालंच नाही अशी चालू होते. गॅरेजला नेईपर्यंत ठणठणीत. मेकॅनिक एक चक्कर मारून येतो आणि म्हणतो, "साहेब, गाडीत काहीच नाहीये." पुढच्या रविवारी तोच ओढा, तीच गाडी, तीच बोंब.

मी बोलतोय ते दीडशे ते अडीचशे सीसीच्या, नंबरप्लेट लावून रीतसर पासिंग झालेल्या एंड्युरो छापाच्या, म्हणजे कच्च्या वाटांवर आणि ओढ्यांतून हाकायच्या, दुचाक्यांबद्दल. आपल्याकडे २०११ मध्ये आलेली हिरोची इम्पल्स ही या जातीतली पहिली ओळखीची गाडी, १४९ सीसी आणि कार्बोरेटरवाली. २०१९ मध्ये हिरोचीच एक्सपल्स २०० आली, ती सुरुवातीला कार्बोरेटर आणि इंजेक्शन (इलेक्ट्रॉनिक हुकमाने पेट्रोल फवारणारी रचना) अशा दोन्ही रूपांत मिळायची. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे धुराचे नवे कडक निकष, लागू झाले आणि नव्या गाड्यांत इंजेक्शनचं राज्य आलं. तुमच्या घरी कुठलीही असो, खाली लिहिलेलं दुखणं कंपनीचं नाही, पाण्या-चिखलाचं आहे. इम्पल्सचा ग्राउंड क्लिअरन्स २४५ मिलिमीटर, एक्सपल्स २०० चा २२०. म्हणजे साधारण वीतभर. आपण मात्र गुडघाभर पाण्यात शिरतो, ते त्याच्या दुप्पट असतं. दगडाला इंजिन लागत नाही म्हणून माणूस निर्धास्त होतो, आणि पाणी निवांतपणे नळ्या, कपलर (वायरींचे जोड) आणि प्लगपर्यंत पोचतं.

मी मेकॅनिक नाही. पण गेले आठ-नऊ पावसाळे वेल्हे, केळद, मढे घाट आणि भोरकडून हिर्डोशीच्या बाजूला भटकताना स्वतःची एक आणि मित्रांच्या दहा-बारा गाड्या याच दुखण्यासाठी उघडल्या आहेत. पहिले तीन पावसाळे नुसती अंदाजपंचे कॉईल बदल, सीडीआय (ठिणगीची वेळ सांभाळणारा डबा) बदल, प्लग बदल यात गेले. मग एक सवय लागली आणि निम्म्याहून जास्त वेळ वाचायला लागला: गाडी पाण्यानंतर किती वेळाने बंद पडते आणि किती वेळाने परत चालू होते, हे आधी बघायचं.

लक्षणं, घड्याळ लावून

पाण्यात असतानाच काही सेकंदांत दम तोडते आणि बाहेर ढकलून काढली की मिनिटभरात चालू होते. कार्बोरेटरची गाडी असेल तर संशय नळ्यांवर. हे पुढे सविस्तर येईल.

पाण्यातून बाहेर येते, शंभर-दोनशे मीटर जाते आणि मग ठो-ठो करत मिसिंग. दहा-पंधरा मिनिटांत इंजिनच्या उष्णतेने वाळली की ठीक. हा प्लगची कॅप किंवा प्लगभोवतीच्या खड्ड्यातलं पाणी.

हळू चालवली तर बरी, थ्रॉटल उघडला की गुदमरते, तेही सतत, थांबून फरक नाही. भिजलेला एअर फिल्टर.

पाण्याशी लगेचचा संबंध नाही, पण दहा-पंधरा किलोमीटर नीट चालून पेट्रोल संपल्यासारखी हळूहळू मरते. पाच मिनिटं थांबलं की परत तितकीच चालते. टाकीचा श्वास कोंडला आहे.

हीच तऱ्हा, पण अगदी अचानक, बटण बंद केल्यासारखी मरते आणि अर्धा तास थंड झाल्याशिवाय हूं म्हणत नाही. मॅग्नेटमधली (इंजिनच्या बाजूला वीज बनवणाऱ्या भागातली) पिकअप कॉईल, जी ठिणगी कधी पाडायची याचा इशारा देते, किंवा ठिणगीसाठी व्होल्ट चढवणारी एचटी कॉईल. या दोन लक्षणांची गल्लत फार होते, माझीही झाली.

हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की बंद, किंवा खड्ड्यात दणका बसला की बंद. वायरिंग.

दिवे नाहीत, हॉर्न नाही, काहीच नाही. फ्यूज, बॅटरीचं टर्मिनल, चावीचा स्विच.

आणि शेवटचं, सगळ्यात वाईट: पाण्यात आडवी पडली किंवा खोलात गेली, 'धप्प' करून थांबली आणि आता सेल्फ मारला की 'टक्' करून अडते. इथे पुढचा परिच्छेद वाचेपर्यंत कशालाही हात लावू नका.

सगळ्यात स्वस्त तपासणी: सेल्फच्या बटणावरून अंगठा काढणं

गाडी पाण्यात बंद पडली की प्रत्येकाचा अंगठा आपोआप सेल्फवर जातो. फिल्टरच्या डब्यातून पाणी इंजिनात ओढलं गेलं असेल तर हीच सवय महागात पडते. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. वर येणारा पिस्टन पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. चालत्या इंजिनात हे झालं तर नुकसान होऊन गेलेलं असतं. पण बऱ्याचदा इंजिन आधी गुदमरून बंद पडतं आणि रॉड वाकवायचं काम नंतर आपण सेल्फ मारून करतो.

म्हणून गाडी आधी पाण्याबाहेर काढा, स्टँडवर लावा आणि तीन गोष्टी बघा. एअरबॉक्सच्या तळाशी बुचाची एक छोटी नळी असते. बूच काढा, पाणी किती येतं बघा. चार थेंब आले तर काही नाही. धार लागली तर फिल्टरचं झाकण उघडून फिल्टरच्या पलीकडे, इंजिनकडच्या नळीत बोट घाला. तिथे ओल असेल तर प्लग काढल्याशिवाय सेल्फ मारायचा नाही. तिसरं, ऑइलची काच किंवा डिपस्टिक. ऑइल दुधाळ, टपरीवरच्या चहासारखं दिसलं तर पाणी आत गेलंय. गाडी टेम्पोत घाला. घरापर्यंत हळूहळू नेतो म्हणणारे मी पाहिलेत. बेअरिंगला 'हळूहळू' कळत नाही.

तिन्ही ठिकाणी कोरडं असेल तर आता पुढे.

फुकटात होणाऱ्या गोष्टी

किल स्विच. हसू नका. गाडी आडवी पडताना गुडघ्याने किल स्विच दाबला जाणं हे मी मोजून सात वेळा पाहिलंय, त्यातले दोनदा मीच होतो. पाणी शिरूनही तो अर्धवट चिकटतो. चार-पाच वेळा चालू-बंद केला की कधी कधी सुटतो.

साइड स्टँडचा स्विच. नव्या गाड्यांत साइड स्टँड खाली असेल तर गिअर टाकताच इंजिन बंद होतं. तो स्विच चिखलाने माखला की स्टँड वर असूनही गाडीला तो खाली वाटतो. ओळखायची खूण अशी: न्यूट्रलमध्ये मस्त चालते, गिअर टाकला की मरते. बाटलीभर पाणी ओतून चिखल धुवा, स्टँड दहा वेळा वर-खाली करा.

इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत गाडी आडवी झाली की इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. गाडी उभी केली म्हणून तो आपोआप सुटत नाही. चावी बंद, दहा सेकंद थांबा, चावी चालू. पेट्रोल पंपाचा 'च्यूंऽ' असा दोन-तीन सेकंदांचा आवाज आला की पुढे जा. आवाजच आला नाही तर फ्यूज आणि बॅटरीची टर्मिनल बघा. खडबडीत रस्त्यावर टर्मिनलचा स्क्रू सैल होणं हे या गाड्यांचं ठरलेलं आहे, आणि बॅटरी अशक्त असेल तर कार्बोरेटरची गाडी किकवर निघते, इंजेक्शनची निघत नाही. मल्टिमीटर असेल तर: उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली, १२ च्या खाली म्हणजे दमलेली, इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ म्हणजे चार्जिंग ठीक.

टाकीचं झाकण

माझे तीन पावसाळे खाल्ले ते याने, त्यामुळे इथे जरा थांबतो.

टाकीतून पेट्रोल जितकं खाली जातं, तितकी हवा वरून आत यावी लागते. ती झाकणातल्या एका सुईएवढ्या भोकातून येते. आपल्याकडची तांबडी माती पावसात भिजून त्या भोकात बसते आणि वाळली की खडू होते. मग टाकीत ओढ तयार होते, पेट्रोल यायचं थांबतं. थोडा वेळ उभं राहिलं की कुठून तरी हवा झिरपते आणि गाडी परत चालते. कार्बोरेटरच्या गाडीत हे लवकर कळतं. इंजेक्शनच्या गाडीत पंप जोर लावून ओढत राहतो, त्यामुळे दुखणं उशिरा दिसतं आणि जास्त गोंधळात टाकतं. तिथे टाकीची वाफ कॅनिस्टरकडे, म्हणजे ती वाफ शोषणाऱ्या डब्याकडे, नेणारी नळीही असते. ती दुमडलेली किंवा टोकाशी चिखलाने भरलेली नाही ना, तेही बघा.

माझ्या गाडीला एका गॅरेजमध्ये सीडीआय बदलायला सांगितला. बदलला. गाडी पंधरा किलोमीटर नीट चालली, आणि मी खूश. सोळाव्याला बंद.

तपासणी अगदी सोपी आहे. गाडी मेली की त्याच क्षणी झाकण उघडा. 'सुस्स' असा आवाज आला आणि लगेच, न थांबता, गाडी चालू झाली तर रोग सापडला. झाकण उघडून काहीच फरक पडला नाही, आणि प्लगला ठिणगीही नाही, तर मग पिकअप कॉईलकडे वळायचं. त्या दोन दुखण्यांतला फरक हाच. अर्धा तास थांबून मग झाकण उघडून बघणाऱ्याला काहीही कळत नाही, कारण तोवर दोन्ही गाड्या चालू होतात.

साफ करताना झाकण गाडीवरून काढा आणि बारीक तार हलक्या हाताने फिरवा. आत छोटा व्हॉल्व्ह असतो, तो फोडू नका. त्याच वेळी झाकणाभोवतीच्या खाचेत पावसाचं पाणी वाहून जाण्याचं जे भोक असतं, तेही मोकळं करा. ते तुंबलं की खाचेत तळं साचतं आणि झाकण उघडताना ते सगळं पाणी टाकीत जातं. त्याचा हिशेब पुढे द्यावा लागतो.

प्लग आणि कॅप

प्लग काढा. पाना गाडीच्या टूलकिटात असतो, आणि नसेल तर आजच घ्या. प्लग काढण्याआधी भोवतीचा चिखल फुंकून काढा, नाहीतर खडे थेट सिलिंडरमध्ये.

प्लगकडे बघून इतकं कळतं की बाकी हत्यारांची गरज वाटत नाही. पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल येतंय, ठिणगी नाही. सुका खडखडीत असेल तर पेट्रोलच पोचत नाही. आणि टोकावर पाण्याचे मणी दिसले तर सिलिंडरमध्ये पाणी गेलंय: प्लग बाहेर ठेवून, इग्निशन बंद करून, किक असेल तर हाताने हळूहळू, नसेल तर वरच्या गिअरमध्ये मागचं चाक फिरवून पाणी बाहेर काढा. तोंड त्या भोकावर नेऊ नका, पिचकारी उडते. इंजिन कुठे अडत असेल तर थांबा, तिथून पुढचं काम तुमचं नाही.

ठिणगी बघताना प्लग कॅपमध्ये घालून त्याचा धातूचा भाग इंजिनला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब. तिथून पेट्रोलची वाफ येत असते. प्लग हातात धरायचा नाही. हजारो व्होल्टचा झटका कोपरापर्यंत जातो.

कॅपचं गणित असं. गरम कॅप थंड पाण्यात बुडली की आतली हवा आकसते आणि रबराच्या ओठातून पाणी आत ओढलं जातं. मग ठिणगीला प्लगच्या टोकापर्यंत जाण्यापेक्षा ओल्या रबरावरून इंजिनवर उडी मारणं सोपं पडतं. म्हणून मोठ्या ओढ्याआधी दोन मिनिटं इंजिन बंद करून थांबायची मला सवय आहे. तेवढ्यात पलीकडे चालत जाऊन तळाचे दगडही बघून होतात. आणि फरशीवरून पाणी जोरात वाहत असेल, फरशीची कडा दिसत नसेल, तर गाडीची परीक्षा घ्यायची ती वेळ नव्हे, परत फिरा.

कॅप काढून कोरड्या फडक्याने पुसा. कॅप वायरीवर स्क्रूसारखी बसते, ती फिरवून काढा. वायरीचं टोक काळं-हिरवं झालं असेल तर पाच मिलिमीटर कापून परत घट्ट बसवा. कॅपमध्ये रेझिस्टर असेल तर मल्टिमीटरवर साधारण ५ किलोओहम दाखवतो. खूपच वर गेला किंवा आकडाच आला नाही तर कॅप बदला. फार महाग वस्तू नाही, एक जास्तीची टूलकिटात पडू द्या. रबराच्या ओठाला आतून डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणाऱ्या) ग्रीसचा पातळ थर द्या. साधं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं.

बऱ्याच इंजिनांत प्लगभोवतीच्या खड्ड्यातलं पाणी बाहेर जायला सिलिंडर हेडमध्ये एक आडवं भोक असतं. चिखलाने ते बुजलं की प्लग पाण्यात उभा राहतो. तार घालून मोकळं करा. माझ्या अनुभवात 'दहा मिनिटांनी बरी होणारी' गाडी निम्म्या वेळा या एका भोकाने सुधारते.

घरी करायची एक छान तपासणी: रात्री अंधारात, पेट्रोल कुठे गळत नाही ना हे बघून, गाडी चालू ठेवा आणि फवाऱ्याच्या बाटलीने कॅप, एचटी वायर आणि कॉईलवर बारीक पाणी मारा. जिथे गळती असेल तिथे निळ्या ठिणग्या दिवाळीसारख्या दिसतात. हात मात्र लांब.

एअर फिल्टर

यावर फार बोलण्यासारखं नाही. फोमचा असेल तर पिळा, वाळवा, फिल्टर ऑइल लावून बसवा. कागदाचा भिजला असेल तर बदला; तेलकट कागदाचे फिल्टर धुवायचे किंवा हवा मारायचे नसतातच. फिल्टर काढून तसंच घरी जाऊ म्हणाल, तर पावसाळ्यातही रस्त्याची वाळू असते, आणि पिस्टन-रिंगची किंमत फिल्टरच्या कैक पट आहे.

कार्बोरेटरच्या नळ्या

इंजेक्शनवाल्यांनी हा भाग सोडला तरी चालेल.

कार्बोरेटरच्या बाजूंनी दोन-तीन बारीक नळ्या खाली लोंबत असतात. एक ओव्हरफ्लोची, ती कार्बोरेटरच्या वाटीच्या तळातून निघते. बाकीच्या श्वासाच्या, त्या वाटीच्या वरच्या अंगातून निघतात. वाटीतल्या पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा दाब असतो, म्हणून ते जेटमधून वर चढतं. श्वासाच्या नळ्यांची टोकं पाण्यात बुडाली की तो दाब बिघडतो, आणि इंजिनाला पेट्रोल मिळेनासं होतं. म्हणून गाडी पाण्याच्या मधोमध मरते आणि बाहेर काढली की लगेच जिवंत होते, कारण नळी मोकळी झालेली असते. या दुखण्यात प्लग, कॉईल, सीडीआय सगळं निर्दोष असतं, आणि बळी नेमका त्यांचाच जातो.

उपाय चहाच्या खर्चात. श्वासाच्या नळीत मधोमध एक टी-जॉइंट घाला. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारा प्लास्टिकचाही चालतो, पेट्रोलने मऊ पडला की बदलायचा. एक फांदी पूर्वीसारखी खाली, दुसरी टाकीखाली फ्रेमपर्यंत वर न्या आणि तिचं टोक खाली वळवून झिप टायने बांधा. खालची बुडाली तरी वरची श्वास घेते. ओव्हरफ्लोची नळी मात्र आहे तशी खालीच राहू द्या. ती वर नेली तर वाटीतली पातळी सांभाळणारा फ्लोट अडकल्यावर जास्तीचं पेट्रोल बाहेर जायला वाट राहत नाही, ते इंजिनात जातं.

पेट्रोलमधलं पाणी

ओढ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चालू होत नसेल, किंवा उतारावर ठीक आणि चढावर गचके देत असेल, तर हे बघा. कार्बोरेटरच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्या. इंजिन थंड, जवळ कुणाची विडी-सिगरेट नाही. तळाशी वेगळा थर किंवा मणी दिसले तर पाणी.

सध्याच्या ई-२० पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल पाणी स्वतःत सामावून घेतं. थोडं पाणी त्यामुळे दिसतही नाही. मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल दोन्ही मिळून खाली बसतात, आणि टाकीचा कॉक किंवा पंप तळातूनच ओढतो. वाटी रिकामी करून दोन दिवसांनी परत तेच होत असेल, तर टाकीच उतरवून रिकामी करायला हवी. कार्बोरेटरच्या गाडीत हे घरी जमतं. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलची नळी दाबाखाली असते, ती उघडली की फवारा तोंडावर आणि गरम सायलेन्सरवर. तिथे मी स्वतःही हात घालत नाही.

वायरिंग आणि कपलर

इथपर्यंत काही सापडलं नाही तर सीट आणि टाकी काढायची वेळ आली. एका दुपारचं काम, संयम लागतो.

आधी टाकी न काढता: इंजिन आयडलवर ठेवा, हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवा. आवाज बदलला की हँडलच्या मानेपाशी वायरिंग ताणलं किंवा घासलं जातंय. एंड्युरोवर उभं राहून, हँडल पूर्ण तोडत चालवणाऱ्याच्या गाडीत हे हमखास होतं. वायर वरून साबूत दिसते, आतून तांब्याचे दोन केस उरलेले असतात. बोटांनी इंच-इंच दाबत जा. जिथे ती नेहमीपेक्षा मऊ लागते तिथे तुटली आहे.

मग कपलर. चावी बंद करून बॅटरीची निगेटिव्ह काढा, आणि मगच सीडीआय किंवा ईसीयूचा (इंजेक्शनच्या गाडीच्या मेंदूचा) कपलर ओढा. मॅग्नेटकडून येणारा, रेग्युलेटरचा आणि मुख्य वायरिंगचा कपलरही बघा. आत मोरचुदासारखा निळसर-हिरवट थर दिसला की तोच गुन्हेगार. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, जुन्या टूथब्रशने घासा, वाळू द्या, थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस आणि परत बंद. कपलरचं तोंड वर असेल तर वायर अशी वळवा की पाणी वायरीवरून वाहत कपलरमध्ये न जाता आधीच खाली टपकेल.

एक कबुली द्यायची तर हे पाणी नेहमी ओढ्याचं नसतं. चिखल काढायला आपण गाडी वॉशिंग सेंटरला नेतो, आणि तिथला पोऱ्या प्रेशरची नळी थेट टाकीखाली, कॉईलवर धरतो. ओढा जे पाणी रबराच्या बाहेर ठेवतो ते हा प्रेशर आत घालतो. माझ्या ओळखीतल्या दोन गाड्यांची 'ओढ्याची' दुखणी प्रत्यक्षात सोमवारच्या धुण्याची होती. घरी बादली, मग आणि ब्रश बरा.

इथे थांबा

मॅग्नेटचं झाकण मी उघडत नाही. पिकअप कॉईलचा रेझिस्टन्स बाहेरच्या कपलरवरून थंड आणि गरम इंजिनात मोजता येतो, आणि गरम झाल्यावर आकडा गायब होत असेल तर निदान झालं. पण आकडा किती हवा हे त्या त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं, आणि कॉईल बदलायला ऑइल काढणं, झाकणाचं गॅस्केट, चुंबकाची ओढ हे सगळं येतं. ते अनुभवी हाताला द्या.

दुधाळ ऑइल, अडणारं इंजिन, किकला वेगळाच हलका दाब, इंजिनचा पिवळा दिवा विझत नाही, पेट्रोल पंपाचा आवाज येतो पण दाब नाही, वायर जळल्याचा वास: या सगळ्यांत गाडी ढकला, चालवू नका. गाडी वॉरंटीत असेल तर वायरिंग कापण्याआधीच सर्व्हिस सेंटरला न्या. नंतर नेली की वाद घालण्यात आठवडा जातो. पाणी शिरलेल्या इंजिनाचं ऑइल एकदा बदलून भागत नाही. भरा, थोडा वेळ चालवा, परत काढा, आणि दुसऱ्यांदाही दुधाळ आलं तर तिसऱ्यांदा. हे गॅरेजवाल्याला आपणहून सांगा, घाईत एकदाच करून देतात.

गाडी देताना 'मिसिंग आहे' एवढंच सांगितलं तर परत 'काहीच नाहीये' ऐकायला मिळेल. मी टाकीवर मास्किंग टेप लावून मार्करने लिहून देतो: गुडघाभर पाणी, बाहेर आल्यावर तीन मिनिटांनी बंद, बारा मिनिटांनी चालू, झाकण उघडून फरक नाही, प्लग ओला, ठिणगी नाही, कॅप नवी. भोरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी ती पट्टी वाचली, चष्मा वर केला आणि एकही पाना न उचलता म्हणाले, "मॅग्नेटचा कपलर काढून दाखव रे." काढला. आत अर्धा चमचा पाणी होतं.